नव्वदचे साठ

साहेब,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आपली विमान कंपनी तर तुमच्याही आधी गेली. एकच विमान, अठरा खुर्च्या, चिकलठाण्याहून सकाळी मुंबई. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत एका सकाळी ते मुंबईला गेलं ते परत आलंच नाही, कंपनीच बंद पडली. आता सांगितलं तर लोक विचारतात, अशी कंपनी होती?

होती. तिथं सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर उभं करायचं, हे काम तुम्ही मला शिकवलंत. विमान लहान, त्यात ऊन वाढलं की वजन आणखी कमी घ्यायचं. त्या मे महिन्यात करमाडचे एक बागाईतदार छातीच्या तपासणीला मुंबईला निघाले. त्यांच्या मुलाशी माझं लग्न ठरत होतं, आणि "विमानातली जागा माझ्या हातात असते" अशी बढाई मी मारून बसले होते. काट्यानं नव्वद दाखवले. तेवढी मुभा उरली नव्हती. मी वजनाच्या तक्त्यात साठ लिहिले.

तुम्ही फोनवर आहात, म्हणून तक्ता उशिरा बघता. पाहुण्यांना तुम्ही दारात नमस्कार केलेला, अंगानं चांगलेच भरलेले; साठ तुम्हाला पटत नाहीत. विमान हललंय. तुम्ही रुमाल हलवत उन्हात धावता. थांबलं एकदाचं. पाहुणे उतरले. "उतरवायचंच व्हतं तर बसवलं कशाला, बाई?" एवढंच म्हणाले. स्थळ तिथंच मोडलं.

"सगळ्यांचा जीव गेला असता! रहम करायचा तर स्वतःच्या जिवावर करावा," तुम्ही ओरडलात. रहम! त्यांच्या हातातली दवाखान्याची फाइल तुम्ही पाहिली होती; स्थळाचं तुम्हाला माहीत नव्हतं. मला काढा म्हणून कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून फोन आला, तेव्हा म्हणालात, "आजारी माणूस पाहून पोरगी पाघळली. तक्ता मी आधी बघायला पाहिजे होता." मी शेजारीच होते, ते तसंच राहू दिलं. महिनाभर घरी बसवलं ते तुम्हाला, मला नाही.

तुम्ही गेल्यावर मी मुकुंदवाडीला तुमच्या घरी भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "लई सांगायचे तुझं. चुकली म्हणायचे, पण काळीज लई मऊ हाय पोरीचं." मी मान हलवली.

काकू अजून त्याच घरात आहेत. हे पत्र त्यांच्या हाती पडेल, त्यांना वाईट वाटेल, म्हणून टाकत नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे, त्यांनी मला मायाळू म्हणणं थांबवू नये, एवढंच मला हवं आहे.