सुकाणूचा दांडा कोण धरणार

१२ फेब्रुवारी
होडी पुन्हा गोल फिरली! सुकाणूचा दांडा दोरीने करकचून बांधला, जाळं ओढायला पुढे गेले आणि वारा वळला. जाळं होडीखाली अडकलं. सोडवताना टराटरा फाटलं. उजनी धरणाच्या भर पाण्यात एकटी बसून मोठ्याने रडले. ऐकायला आहे कोण?

आठ वर्षं हे दांडा धरायचे, मी जाळं ओढायचे. दिवाळीनंतर ह्यांची उजवी बाजू लुळी पडली. दोघांचं काम एका बाईने कसं करायचं?

१३ फेब्रुवारी
हे दिवसभर काठावर बसून होते. सासूबाई भाकरी कुस्करून घेऊन गेल्या, तर म्हणाले, "बसून खायाची लाज वाटती मला."
देवा, एवढं जमू दे. मला एकटीला होडी जमली की ह्यांचा घोर जाईल.

१७ फेब्रुवारी
सुचलं! दांडा घट्ट बांधायचाच नाही. एका बाजूने शिडाची दोरी, दुसऱ्या बाजूने सायकलच्या ट्यूबची पट्टी. वारा वाढला की शीड दांडा ओढणार, वारा पडला की ट्यूब तो परत खेचणार. होडी सरळ!
पंक्चरवाल्या महिपतीने जुनी ट्यूब दिली. "होडीला कशाला ट्यूब, वैनी?" म्हणून हसला. हस बाबा.

१८ फेब्रुवारी
ट्यूब ढिली पडली. पुन्हा गोल. हाताला फोड आलेत.

२१ फेब्रुवारी
जमलं!! होडी आपली आपण चालली आणि मी दोन्ही हातांनी जाळं ओढलं. पाटी भरून चिलापी मासे!
धावत जाऊन ह्यांना होडीपाशी आणलं. इथे दोरी, इथे ट्यूब — सगळं हौसेने दाखवत बसले. मूर्ख मी! ह्यांनी डाव्या हाताने ट्यूब ताणून पाहिली. म्हणाले, "माजं काम रबर करतंय की. मग मी कशाला हाय हितं?"

२४ फेब्रुवारी
तीन दिवस ह्यांचं भिंतीकडे तोंड. आज उशीखाली गोळ्या सापडल्या — तीन दिवसांच्या! मी ओरडले, पाया पडले. काही उपयोग नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्येला आता जगायचं न्हाय, पोरी."
मासे रोज मिळताहेत. आग लागो त्या माशांना.

२५ फेब्रुवारी
होडी छान सरळ चालली होती. मी विळा घेतला आणि ट्यूब कापली.
घरी येऊन सांगितलं, ट्यूब तुटली, जाळं पाण्यातच राहिलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "वारा कुटला हाय?"

२६ फेब्रुवारी
हे होडीवर आले. डाव्या हाताने दांडा धरला. होडी वाकडीतिकडी, आणि शिव्या मला! मध्यावर गेल्यावर ट्यूबचं कापलेलं टोक ह्यांना दिसलं. बोटाने चाचपलं. माझ्याकडे पाहिलं. मग ते दांड्यावरून सोडून पाण्यात फेकून दिलं.
"बघतीस काय, सोनम? जाळं वढ की!"