आईचा तिसरा टेक

बाबा, तुमच्याशी कामाबद्दल बोलायचं आहे. घरच्या बातम्या आई तुमच्या फोटोला सांगतच असते, रोज सकाळी चहा उकळेपर्यंत, त्यामुळे त्या मी पुन्हा सांगत बसत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता आयर्लंडमध्ये असते, डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन म्हणून आहे तिथे, आणि हे एका कपाटात बसून लिहिते आहे. इथल्या घरांत वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल, चादरी ठेवतात, म्हणजे इथल्या दमट हवेत त्या कोरड्या राहतात. आमची टाकी जुनी झाली म्हणून काढली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मी लॅपटॉप, हेडफोन आणि एक मायक्रोफोन घेऊन घुसले. टॉवेल तसेच ठेवले, त्यांच्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. तुम्ही पुण्यातल्या त्या एवढ्याशा खोलीच्या भिंतींना गोणपाट आणि काथ्या ठोकून तिला स्टुडिओ म्हणत होतात, तेव्हा मी मैत्रिणींसमोर लाजायचे. आता माझी लेक लाजते, आपली आई हॉट प्रेसमध्ये बसून काम करते म्हणून.

करते काय, तर लोकांनी आपापल्या घरी गायलेलं, वाजवलेलं स्वच्छ करून, जुळवून देते. नवऱ्याच्या नोकरीमागून त्याच्या व्हिसावर आले, काही वर्षं नुसत्या पोळ्या लाटल्या आणि शाळेची ने-आण केली, मग हे सुरू केलं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. नवऱ्यानं बॉक्सरूममध्ये, म्हणजे वरच्या अडगळीच्या खोलीत, ऑफिस थाटलं, लेकीची शाळा जेवणाच्या टेबलावर आली, आणि मी फोनला घाबरायला लागले. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायची परवानगी नव्हती, मग पाचची मिळाली, आणि आई पुण्यात एकटी. त्यात तिचं भजनी मंडळ बंद पडलं. बिल्डिंगमधल्या पाच बायका, गुरुवारी चार वाजता, तुम्ही असल्यापासूनचा शिरस्ता. आई बाकी सगळं सोसेल, पण गुरुवार गेल्यावर तिचा आवाजच बसल्यासारखा झाला. मग मीच म्हटलं की मी तंबोरा आणि ठेका रेकॉर्ड करून पाठवते, तो एका कानात लावून प्रत्येकीनं आपापल्या घरी फोनवर म्हणायचं आणि मंगळवारी मला पाठवायचं, पाचही जणींना एकत्र बसवायचं काम माझं. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, समोरच्या काकूंचा वरचा षड्ज, जो मी कितीही ओढला तरी जागेवर येत नाही, सगळं सांभाळून गुरुवारी भजन तयार व्हायचं. वर्षभरात चाळीसेक तरी झाली. लोक म्हणायचे, मुलगी आईसाठी केवढं करते. खरं तर मी ते माझ्यासाठी करत होते. दर मंगळवारी तिचा आवाज आला की मला तो आठवडाभर पुरायचा.

यातली एक गोष्ट तुम्हाला आवडली नसती. आता नॉइज गेट म्हणून एक सोय असते. ठरावीक पातळीच्या वरचा आवाज असला की तिचं दार उघडं राहतं, त्याच्या खाली गेला की बंद. म्हणजे ओळ ऐकू येते आणि दोन ओळींमधला पंखा, भांडं, श्वास, सगळं आपोआप गायब होतं. पाच बायकांच्या पाच पंख्यांना कंटाळून मी ते गेट कायमचं लावून ठेवलं होतं. फाइल आत टाकली की ते आपलं आपण लागायचं आणि मला बघावंही लागायचं नाही. याच कारणावरून तुम्ही मला एकदा झापलं होतंत. मी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेज सुटल्यावर तुमच्याकडे टेप कापायला बसते. एका म्हाताऱ्या कीर्तनकार बुवांची कॅसेट निघायची आहे आणि बुवा दर ओळीआधी भात्यासारखा श्वास ओढतात. मी दोन दिवस खपून ब्लेडनं तो एकूण एक श्वास कापून काढते, टेप पुन्हा जोडते आणि ऐटीत तुम्हाला ऐकवते. तुम्ही पूर्ण ऐकता, चष्मा काढता, आणि केराची टोपली उचलून माझ्यासमोर ठेवता. "शोध," म्हणता, "सगळे श्वास शोध आणि जिथले तिथे लाव. माणूस गातोय हे त्यावरूनच कळतं." मी रडत रडत टेपचे ते बोटभर तुकडे शोधते. काही चुकीच्या ओळींना लागतात, आणि ती कॅसेट तशीच बाजारात जाते. घरी आई तुमच्यावर चिडली, पोरीला रडवलंत म्हणून. दुसऱ्या दिवशी तुमचे चांगले हेडफोन माझ्या गळ्यात अडकवलेत आणि स्वतः जुने, एका कानानं चालणारे घेतलेत.

एकवीस सालचा एप्रिल आला. पुण्याच्या बातम्या वाचवत नव्हत्या. आई म्हणायची, मी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. त्या मंगळवारी तिचा ट्रॅक आला. मी तो नेहमीसारखा टाकला आणि ऐकला, तर ओळी मध्येच तुटलेल्या आणि ठेक्याच्या मागे पडलेल्या. मला राग आला, बाबा. काळजी वाटली नाही, राग आला. माझ्याकडे दुसऱ्या दोन लोकांची कामं पडली होती आणि ही बाई, जिचा ताल तुम्हीसुद्धा मानायचात, घाईघाईत काहीतरी म्हणून मोकळी झाली असं मला वाटलं. मी तिला निरोप पाठवला की ओळ तोडू नकोस, नेहमी घेतेस तशी एका दमात घे. ती बरं म्हणाली. बुधवारी सकाळी दुसरा टेक आला, तो पहिल्याहून वाईट. मी पुन्हा निरोप पाठवला, या वेळी जरा तोडूनच, की आई, लक्ष देऊन म्हण ना, गुरुवार उद्यावर आलाय. तिला तेव्हा ताप होता. मला ते नंतर कळलं. उभ्यानं म्हटलं तर दम पुरेल असं वाटून तिनं तिसरा टेक ओट्याला धरून, उभं राहून म्हटला होता.

तो आला तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजले होते. लॅपटॉप कसलंसं अपडेट करत बसला होता, म्हणून मी फाइल फोनवरच लावली. लेक शाळेतून भिजून आली होती, टॉवेल घ्यायला दारात उभी राहिली आणि तिनं दोन ओळी ऐकल्या.

"मॅम," ती म्हणाली, इथली मुलं आईला मॅमच म्हणतात, "व्हाय इज आजी सो आउट ऑफ ब्रेथ? वॉज शी रनिंग?"

फोनवर गेट नसतं. मी लॅपटॉप सुरू होईपर्यंत नुसती त्याच्याकडे बघत बसले. मग तिन्ही टेक उघडले, गेट काढलं आणि हेडफोन लावून नुसती आई ऐकली. पहिल्या टेकला एका ओळीत दोन श्वास होते, दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात मी मोजायचं सोडून दिलं. दोन ओळींमध्ये, जिथे मला दोन दिवस स्वच्छ शांतता ऐकू येत होती, तिथे खोकला होता, कापडात तोंड खुपसून दाबलेला. एका ठिकाणी ती स्वतःशीच पुटपुटली होती, "आता ही ओळ." मंगळवारपासून हे सगळं माझ्याकडे होतं. साऱ्या जगात फक्त माझ्याकडे होतं, आणि मी ते माझ्या हातानं बंद करून ठेवून तिला वर शिकवत होते.

फोन केला तर तिनं चौथ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, आई, तुला बरं नाहीये. ती म्हणाली, "अगं, काही नाही, उन्हाळा आहे. परत म्हणू का? चौथ्यांदा नीट येईल." मी फोन ठेवून समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना लावला, त्याच त्या बेसूर काकू, शाळेतून हेडबाई म्हणून रिटायर झालेल्या. त्या मास्क लावून, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आईकडे गेल्या आणि दारातूनच मला आकडा सांगितला. नव्वदच्या खाली होता. मग मी आणि नवरा, दोघं दोन फोनवर, मिळतील ते नंबर फिरवत बसलो. कोणी म्हणायचं नाव लिहून ठेवतो, कोणी काहीच न म्हणता ठेवून द्यायचं. शेवटी हॉस्पिटलातली खाट काकूंनीच मिळवली, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून. मला म्हणाल्या, "तिला मी नेते. तू फक्त फोन उचलत जा."

ती अकरा दिवस तिथे होती. वॉर्डातून रोज एकदा काकूंना फोन यायचा आणि काकूंचा मला, इथल्या दुपारी बाराच्या आसपास. त्याआधीचे तास कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. मला सारखं दिसायचं की ती जाईल आणि जाताना तिच्या कानात माझं तेच वाक्य असेल, लक्ष देऊन म्हण. शेजारची बाई कुंपणापलीकडून म्हणाली, "शी'ल बी ग्रँड, लव्ह." इथे पावसापासून मोडलेल्या पायापर्यंत सगळ्याला ग्रँडच म्हणतात, तरी मी दिवसभर तेवढ्याच शब्दाला धरून होते. पाचव्या दिवशी बारा वाजले, एक वाजला, काकूंचा फोन आला नाही. मी लावला तर उचलेनात. मी हॉट प्रेसमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आता जे सांगते ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही तुमचा आवाज शोधला होता. तुम्ही अर्धं पुणं रेकॉर्ड केलंत, पण स्वतःला कधीच नाही. टेपच्या जुन्या स्पूलांवर प्रत्येक गाण्याआधी तुम्ही नुसतं म्हणता, "टेक दोन. चालू." तेवढंच मिळालं. ते सगळं मी वेचून एका फोल्डरमध्ये ठेवलं आहे, जेमतेम चार मिनिटं. त्या दुपारी मी आईच्या वर्षभराच्या मूळ फाइली उघडल्या आणि मी कापून टाकत आले होते ते सगळं गोळा केलं. म्हणायच्या आधीचं, "ऐकू येतंय का गं?" मध्येच, "थांब, कुकर बंद करते." शेवटी, दर वेळी, "झालं बाई. जेवलीस का?" एकेक तुकडा काढला, पंखा कमी केला, पातळी सारखी केली, एकापुढे एक लावलं. तीन तास काम केलं आणि उत्तम केलं, तुम्हीसुद्धा नावं ठेवली नसती. लाज वाटते सांगायला, पण त्या तीन तासांत मला भीती वाटली नाही. भीती वाटायची वेळ टळून गेल्यासारखं वाटत होतं. फाइलला आई असं नाव दिलं आणि तुमच्या फोल्डरमध्ये ठेवली. मग काकूंचा फोन आला. त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं. आईचा ऑक्सिजन कमी केलाय म्हणाल्या, आणि ती नर्सशी भांडतेय, चहात आलं नाही म्हणून.

मे महिन्यात ती घरी आली. आता ऑक्टोबर आहे. पुढे म्हणायचं काम काकूंकडे गेलं आहे, आई मागून साथ देते, मध्ये थांबते, पुन्हा धरते. मी गेट काढून टाकलं आहे, पाचही पंखे ऐकू येतात, आणि मंगळवारी तिची फाइल आली की ती उघडायची मला अजून धास्ती वाटते. तिनं एकदा माझी माफी मागितली, बाबा. त्या आठवड्यात मी नीट म्हटलं नाही, तुला तीन-तीनदा त्रास दिला, म्हणाली. मी म्हटलं, असू दे गं. असू दे म्हटलं मी तिला. डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. समोर बसून तिला खरं सांगायचं असं रोज ठरवते आणि रोज ते मला जमेल असं वाटत नाही.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तर तुमचा पत्ता अजून तोच आहे, पण दार आई उघडते आणि तुमच्या नावाचं काहीही आलं की आधी चष्मा शोधते. म्हणून ते इथेच राहील. एवढंच कबूल करायचं होतं की ती फाइल मी अजून तुमच्या फोल्डरमधून हलवलेली नाही. जिवंत माणसाचा आवाज तिथे ठेवू नये हे मला कळतं. पण आज बाहेर काढली तर एक दिवस ती परत आत ठेवावी लागेल, आणि ते दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही.