फक्त कागदापुरती आजारी

२ ऑक्टोबर, गुरुवार
आजपासून थेरपी. आजारी नाही. कुलूप लावलं का हे बघायला पुन्हा जिने चढणं हा आजार नव्हे, जबाबदारी आहे. पाच भेटींत संपवायचं. लोक वर्षभर जातात. तयारी न करता जात असतील. दहा वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. तेव्हापासून प्रश्नाआधी उत्तर तयार ठेवायची सवय.

त्याच इमारतीत दातांचा डॉक्टर आहे, म्हणून आत शिरताना गाल धरला. लिफ्टमधल्या आजींनी लवंग सुचवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थेरपिस्ट प्लाट्झरबाईंनी विचारलं, कशा आहात? हे तयार केलं नव्हतं. मी फी विचारली. तासाला एकशेदहा युरो. सरकारी विम्यात फुकट होतं, पण वसंत ऋतूपर्यंत जागा नाही.

९ ऑक्टोबर
आठवडाभर पाव आणि चीज. बाई म्हणाल्या, अर्ज केला तर विम्यातून दरवेळी तीसेक युरो परत मिळतात. फक्त आजाराचं नाव लिहावं लागतं. मी विचारलं, न लिहिता? त्या म्हणाल्या, आजारच नसेल तर विमा पैसे कशाला देईल? रास्त. म्हणजे पैसे घेतले तर आजारी किंवा लबाड, नाही घेतले तर उपाशी. तास यातच संपला. पुढच्या वेळी तुमच्याबद्दल बोलूया, म्हणाल्या.

१६ ऑक्टोबर
आधी खाजगी जादा विमा विचारून पाहिला. पूर्वी मानसोपचार घेतलेत का? मी म्हटलं, हो, दोनदा. फोनवरचा माणूस म्हणाला, अहो बाई, असं कुणी आपणहून सांगतं का? आणि नकार दिला.

मग ठरवलं: फक्त कागदापुरतं आजारी व्हायचं, आतून नाही. बाईंनी लिहिलं, चिंताविकार. त्याच्याआधी 'किंचित' लिहाल का, म्हटलं. तसं लिहीत नाहीत म्हणे.

२३ ऑक्टोबर
आईचा फोन. गुरुवारी चारला कुठे असतेस गं? म्हटलं, शिकवणी. अगदी खोटं नाही, तासावरच पैसे देते.

बाईंनी आज आईबद्दल विचारलं. उत्तम आहे, म्हटलं. मग फी हप्त्याने चालेल का, ते विचारलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
घात झाला. शिकत असेपर्यंत मी बाबांच्याच विम्यात आहे. पैसे त्यांच्या खात्यात गेले, कागद त्यांच्या पत्त्यावर. अर्जातला प्रत्येक आकडा मी पुन्हापुन्हा तपासला होता. मूळ विमेदार कोण, हे एकदाही नाही.

बाबांचा फोन: युडिथ, तुझे पैसे आमच्याकडे आलेत आणि आई जिन्यात बसून आहे. मी विचारलं, काय म्हणते? अजून काहीच नाही, बाळा, तीच तर पंचाईत.

मग आईने फोन घेतला. चिंताविकार? चार वर्षं माझ्यासमोर बसून शिकलीस, मला नाही दिसला, आणि त्या बाईला तीन भेटींत दिसला? मी सॉरी म्हटलं. आणि तासाला एकशेदहा! काय सोन्याचे कान आहेत का तिचे? उद्या घरी ये, मी ऐकते. फुकट.

बरं म्हटलं. खरं तर उत्तम तोडगा. घरचं माणूस, रांग नाही, अर्ज नाही. बाईंना उद्याची भेट रद्द करायला फोन केला. आदल्या दिवशी रद्द केली तरी पूर्ण फी पडते म्हणाल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारच्या गाडीने ब्रुकला, आईबाबांकडे गेले. आईने जर्दाळूचा मुरंबा घालून पॅनकेक केले होते. बाबांना पानं झाडायला बागेत पाठवलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. समोर बसली, हात पुसले. हं, बोल. कशाची भीती वाटते तुला?

उत्तर मला येत होतं. ते समोर बसून माझ्या ताटात आणखी एक पॅनकेक वाढत होतं.

कशाचीच नाही, म्हटलं.

बघ, आई म्हणाली, एका बैठकीत बरी! आणि तिलाच रडू फुटलं. मी तिला रुमाल दिला, आणि दर गुरुवारी यायचं कबूल केलं.