टोगा क्रमांक सत्त्याऐंशी

देवाचं नाव घेऊन आणि चष्मा पुसून, मी साल्वासियोन गिमेनो, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम व टोगे भाड्याने देणे, कै. अनासेतो गिमेनो यांची विधवा, राहणार मौजे तालिसाय, इलोइलो प्रांत, फिलिपिन्स, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते ते असे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. उलट वकीलसाहेबच म्हणतात, "आजी, एवढं सगळं लिहायची गरज नाही, कायद्यात बसत नाही." म्हटलं, बसत नसेल तर उभं राहू दे. फी घेतली आहे, टाइप करा.

कलम १. मला अनासेतोच्या शेजारी पुरावं. पेटी साधी घ्यावी. नऊ दिवस प्रार्थना होईल तेव्हा येणाऱ्यांना कॉफी आणि बिस्किटं द्यावीत. शेजारीण डोमिंगा नऊही दिवस येईल आणि दर वेळी बिस्किटं रुमालात बांधून नेईल. नेऊ द्यावीत, पण मोजून.

कलम २. माझं पायाचं शिवणयंत्र, मोठी कात्री, लाकडी गज आणि इस्त्री नात जोनालिन हिला. शिवत बसण्यासाठी नव्हे. विकून टाकण्यासाठी. या धंद्यात कंबर जाते आणि डोळे जातात, आणि शेवटी लोक म्हणतात बाह्या लांब झाल्या.

कलम ३. शहाऐंशी टोगे. पदवीच्या दिवशी घालायचे काळे झगे, चौकोनी टोप्यांसह. हे मुलगा रोडेल याला. एकतीस वर्षं मी या तालुक्यातल्या पोरापोरींना टोगे घातले. हे घर त्याच भाड्यावर उभं आहे, म्हणून मी कॉलेजाला नावं ठेवायला लागले की डोमिंगा म्हणते, "ज्याच्या जिवावर जेवतेस त्यालाच शिव्या?" म्हणू दे. मी त्या पोरांना टोगा घालतानाही पाहिलंय आणि दोन वर्षांनी बाजारातही पाहिलंय. क्रमांक चौदा घालणारी नर्स झाली आणि अनुभवाचा कागद मिळावा म्हणून स्वतःच दवाखान्याला पैसे भरून रात्रपाळ्या करत होती. क्रमांक तीस मॉलमध्ये चपला विकते. तिथे चपला विकायलाही कॉलेज लागतं. डोमिंगाचा नेस्टर, क्रमांक बावन्न, खराखुरा इंजिनियर, दोहात एका हॉटेलात कॉफी देतो. ज्यांनी टोगा घातलाच नाही त्यांना ती कॉफीसुद्धा द्यायला मिळत नाही, हेही खरं. मग काय करायचं माणसानं? मला आजवर कळलं नाही, आणि मृत्युपत्रात उगाच शहाणपणा करण्यात अर्थ नाही.

रोडेलला धंद्याची एक गोष्ट सांगून ठेवते. टोगा दोनदा जातो. जानेवारीत फोटोसाठी, एप्रिलमध्ये समारंभासाठी. फोटोचा टोगा पाच मिनिटांत उतरतो आणि जसा गेला तसा परत येतो. समारंभाचा टोगा कॉलेजच्या व्यायामशाळेच्या पत्र्याखाली चार तास अंगावर असतो. त्याच्या कॉलरवर घामाच्या मिठाची पांढरी रेघ येते. ती रेघ साबणानं जात नाही, व्हिनेगरनं घासावी लागते. कुणाचा टोगा कुठवर जाऊन आला हे मी कॉलर बघून सांगते.

कलम ४. जमीन. वकीलसाहेब गट क्रमांक लिहितात, पण माझ्या डोक्यात त्या तुकड्यांची नावं वेगळी आहेत. ओढ्याकाठचा तुकडा म्हणजे रोडेलच्या पहिल्या वर्षाची पहिली सहामाही. बांबूंमागचा म्हणजे दुसरी. रेडा म्हणजे दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आणि खोलीचं भाडं. असे सात तुकडे आणि एक रेडा मिळून पाच वर्षं झाली. सगळे तुकडे डोमिंगाच्या नवऱ्यानं घेतले. माझ्या शिवणयंत्राशेजारच्या खिडकीतून माझ्या पोराचं सगळं शिक्षण दिसतं आणि त्यात दरसाल डोमिंगाचं भात पिकतं.

माझ्याकडे उरला आहे तो आठवा तुकडा, आंब्याखालचा. त्याचं पुढे कलम ७ मध्ये.

कलम ५. घर रोडेलला. भिंतीवर रोडेलचा टोगा घातलेला मोठा फोटो आहे, सोनेरी चौकटीचा. त्याचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. माळ्यावर गुंडाळलेला फ्लेक्स आहे. "अभिनंदन, इंजिनियर रोडेल गिमेनो! गर्विष्ठ आईवडील" असं त्यावर लिहिलंय. छापणाऱ्यानं मला विचारलं होतं, गर्विष्ठ की अभिमानी? मी म्हटलं, जे मोठ्या अक्षरात दिसेल ते. मोठ्या वादळात छप्पर उडालं तेव्हा चार महिने तोच फ्लेक्स आमचं छप्पर होता, त्यावरचा रोडेलचा चेहरा आतल्या बाजूला. जोनालिन तेव्हा सहा वर्षांची. तिची आई नुकतीच वारलेली. बाप शेजारी झोपलेला असायचा, तरी ती वर बघून म्हणायची, "गुड नाइट, इंजिनियर पापा." थेंबभर पाणी आत आलं नाही. सात तुकडे आणि एक रेडा यांच्या बदल्यात मला एवढं छप्पर मिळालं, ते नाकारत नाही.

कलम ६. हे कलम वकीलसाहेब गाळा म्हणत होते. गाळणार नाही.

दोन हजार पाच साली रोडेलसाठी मी नवा टोगा शिवला. क्रमांक सत्त्याऐंशी. भाड्याचा नको म्हटलं, माझ्या पोराला स्वतःचा. पण त्याचा समारंभ आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा समारंभ एकाच शनिवारी आला. शहाऐंशी टोगे द्यायचे, घ्यायचे, आणि त्या भाड्यातून मेजवानीच्या डुकराचे उरलेले पैसे भागवायचे, म्हणून मी थांबले आणि अनासेतो शहरात गेला. रात्री बापलेक परत आले. अनासेतो म्हणाला, "काय चालला गं तुझा पोरगा स्टेजवर! राजासारखा." सकाळी मी टोगा धुवायला घेतला. कॉलर कोरी.

मी काही बोलले नाही. फाटकावर फ्लेक्स लागला होता, अंगणात डुक्कर भाजलं जात होतं, डोमिंगा पहिल्या पंगतीला बसली होती. तेव्हा काय बोलणार? आणि तेव्हा न बोललेलं नंतर बोलता येत नाही. मला वाटलं पोरानं उनाडक्या केल्या, नापास झाला, आणि बापानं पाठीशी घातलं. एकोणीस वर्षं मी माझ्या पोराला माशाची शेपटी वाढली. पोटचा तुकडा जोनालिनला, मला डोकं, त्याला शेपटी. त्यानं कधी विचारलं नाही का. गाव त्याला इंजिनियर म्हणतं. तो तीनचाकी चालवतो. "इंजिनियर, बाजारात सोड रे!" अशी हाक आली की मी शिवणयंत्र जोरात चालवायचे. अनासेतो सात वर्षांपूर्वी गेला. त्याच्या पेटीजवळ बसूनही मी मनात म्हटलं, खोटारड्या, मलासुद्धा?

यंदा जून महिन्यात जोनालिन बारावी झाली. सरकारी कॉलेजात फी नाही आणि तिला जागाही नाही. यादीत नाव लागलं नाही. जेवताना मला म्हणाली, "लोला, आंब्याखालचा तुकडा विकू या ना. मला पापासारखं इंजिनियर व्हायचंय."

मी म्हटलं, "मरेपर्यंत विकणार नाही. काय उजेड पडला सात विकून?" आणि सगळ्या टोग्यांचा पाढा वाचला तिच्यापुढे. चौदा, तीस, बावन्न. ती हट्टानं म्हणाली, "पापा तर झाले ना इंजिनियर?" तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "विचार तुझ्या पापाला, स्टेजची पायरी तरी चढला होता का!"

रोडेलनं हातातला घास ताटात ठेवला. "तुला माहीत होतं, नानाय?"

"कॉलर कोरी होती."

मग म्हणाला, "मी नापास नाही झालो. शेवटचा हप्ता राहिला म्हणून परीक्षेची चिठ्ठी दिली नाही त्यांनी. दोन पेपर. परीक्षेआधी मी आणि तातय दिवसभर फीच्या खिडकीसमोर उभे होतो. हमीपत्र लिहून देतो म्हटलं, तर म्हणाले आधीचीच दोन पडून आहेत."

"हप्ता का राहिला? सातवा तुकडा त्यासाठीच विकला होता मी!"

"तू म्हणालीस, हमीपत्रावर भागव, एप्रिलमध्ये भाडं आलं की भरू." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "त्या पैशांत तू डुक्कर घेतलंस, नानाय. आणि फ्लेक्स. आणि सोनेरी चौकट."

आता हे कायद्याच्या भाषेत लिहून घ्यावं. माझ्या मुलाची पदवी मी खाल्ली. शंभर माणसांना वाढली आणि खाल्ली. डोमिंगाच्या नेस्टरच्या फ्लेक्सपेक्षा माझा हातभर मोठा हवा होता म्हणून. खिडकीसमोर उभं असताना अनासेतो पोराला म्हणाला होता, "आईला सांगू नको. तिनं आमंत्रणं दिलीत, मरेल ती." पुढच्या वर्षी दोन पेपर देता आले असते. पण ज्याला गाव इंजिनियर म्हणतं त्यानं कोणत्या तोंडानं पुन्हा वर्गात बसायचं? अनासेतो, तुला पेटीजवळ जे म्हटलं ते मी या कागदावर परत घेते. तू खोटारडा होतास, पण माझ्यासाठी होतास. रोडेल, तुझी माफी मागण्याजोगं तोंड मला राहिलेलं नाही. यंदा म्हणे सरकारनं कायदा केला, फी थकली म्हणून कुणाला परीक्षेतून उठवायचं नाही. चांगलं केलं. एकोणीस वर्षं उशिरा केलं.

त्या दिवसापासून मी त्याला माशाचं पोट वाढते. तो खात नाही, जोनालिनच्या ताटात सरकवतो.

कलम ७. आंब्याखालचा तुकडा. अर्धा कायद्यानं रोडेलचा, उरलेला अर्धा मी ज्याला देईन त्याचा. तो जोनालिनला. जुलै महिन्यात मी वकीलसाहेबांना असं लिहायला सांगितलं होतं: तिनं तो विकून कॉलेजात जावं, रोडेलनंही आपला अर्धा त्यातच घालावा, आधी फी भरावी, मग परीक्षेची चिठ्ठी हातात घ्यावी, आणि निकालाचा कागद घरात येईपर्यंत फोटो नको, फ्लेक्स नको, डुक्कर नको. मला पटलं म्हणून नव्हे. पदवीचं मोल होतं की नव्हतं हे आमच्या घरात कुणाला बघायलाच मिळालं नाही, निदान एकीनं तरी शेवटपर्यंत जाऊन बघावं, म्हणून. पण हे मी तिला सांगितलं नाही. कागद पक्का झाल्यावर सांगू म्हटलं. म्हातारीचा ताठा, दुसरं काय.

आज सकाळी, सह्या व्हायच्या आधी, जोनालिन पिशवी भरताना दिसली. सोमवारच्या बोटीनं मनिलाला जाते म्हणाली, एका ओळखीच्या बाईच्या घरी, लेकरं सांभाळायला.

मी म्हटलं, "थांब. विकते मी तुकडा. आत्ता विकते. डोमिंगा सहीसाठी येतेच आहे, नवऱ्याला घेऊन ये म्हणते."

"नको गं लोला. नावनोंदणी परवाच संपली." मग हसली. "आणि तूच तर मोजून दाखवलंस. चौदा, तीस, बावन्न. मला पाठ झालंय."

"म्हातारीचं काय ऐकतेस!"

"खोटं होतं का पण?"

हो म्हणायला हवं होतं. त्या पोरीसाठी एवढं एक खोटं बोलायला हवं होतं, अनासेतो बोलला होता तसं. आणि मी, जन्मभर पोरांना टोगे घालणारी, गप्प उभी राहिले.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. पुढच्या वर्षी बघू म्हणणारी पोरं मी एकतीस वर्षं पाहत आले आहे. मग कपाट उघडून तिनंच सत्त्याऐंशी क्रमांकाचा टोगा काढला. "पापाच्या फोटोशेजारी जागा आहे ना तुझ्या भिंतीवर? भरून टाकू. फुकटात." टोपी चढवली, मान ताठ केली, आणि रोडेलनं मोबाइलवर फोटो काढला. सुंदर दिसली. बापासारखीच दिसली.

म्हणून कलम ७ असं वाचावं: अर्धा तुकडा जोनालिनला, कोणतीही अट नाही. एकदा मी फार आशा धरून पोराचं वाटोळं केलं, आणि या वेळी आशा सोडून नातीचं. तिसऱ्यांदा काही ठरवायचा मला हक्क नाही.

कलम ८. टोगा क्रमांक सत्त्याऐंशी. वकीलसाहेब विचारतात, कुणाच्या नावे? जागा कोरी सोडा म्हटलं. तिनं पाच मिनिटांत उतरवून दिला. सवयीनं मी कॉलर पाहिली. धुवायची गरज नाही.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, ते माझंच आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे.

साल्वासियोन गिमेनो (सही)

साक्षीदार. वरील बाईंनी आमच्या तिघांच्या समोर सही केली. त्या शुद्धीत होत्या.
१. डोमिंगा पाल्मारेस (सही). साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे, म्हणूनच हिला साक्षीदार केलं. कलम ६ ऐकून ती रडली आणि बिस्किटं न घेता घरी गेली.
२. एलेउतेरियो सुमागायसाय, चर्चचा घंटावाला (सही)
३. कोराझोन आबेलार्दे, वकीलसाहेबांच्या टाइपिस्ट (सही). पदवीधर, टोगा क्रमांक एकसष्ट.

मौजे तालिसाय, शुक्रवार, दिनांक २ ऑगस्ट २०२४