तीन नंबरची बोट

पोर्ट तौफिक, सुएझ
मंगळवार, ९ मार्च १९९९

चिरंजीव वगीह यास,
ओदेतमावशीचे अनेक आशीर्वाद.

'यास्मिना'वर कॅप्टन म्हणून तुझा पहिला आठवडा कसा गेला? मी ठीक आहे. ईस्टरआधीचे उपास चालू आहेत, त्यामुळे रोज 'फूल'चे तेच उकडलेले दाणे आणि रोज तेल. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढता येतो. शेजारची मदाम इन्शिराह अजूनही कचऱ्याची बादली माझ्या दारासमोर ठेवते. काल मी ती उचलून तिच्या पायपुसण्यावर ठेवली आणि बेल वाजवून निघून आले. तुझी आई असती तर म्हणाली असती, "ओदेत, जरा वय बघ." मी वय बघूनच दोन जिने कमी पळाले.

तुझ्या कंपनीच्या त्या सुरक्षाप्रमुख कमांडर फिक्रीबद्दल मला कुणी विचारत नाही, तरी सांगते. नौदलातून आलेला माणूस, मिशा इस्त्री केल्यासारख्या, जहाजावर आला की आधी स्वागताची खुर्ची शोधतो. इंजिनखोलीत उतरताना मी त्याला कधी पाहिलं नाही. सुरक्षेवर भाषण मात्र तासभर. आमच्या शाळेतली मदर युलाली म्हणायची, जो मोठ्याने प्रार्थना करतो त्याचे गुडघे तपासा, धूळ नसते. मी कंपनीच्या त्याच कार्यालयात सत्तावीस वर्षं काढली. धुळीचं मला सगळं कळतं.

आता कामाचं. गुरुवारी तुम्ही हाजींना घेऊन निघणार. निघण्याआधी आठही जीवरक्षक बोटी पाण्यात उतरवून बघ. नुसत्या कठड्यापर्यंत नाही, पाण्यात. आणि उतरवताना बोटीत एकही माणूस बसवू नकोस. हे विशेष लक्षात ठेव.

कारण विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

ही चिठ्ठी तुमच्या खलाशांचा मुकादम, सारंग गोमा, घेऊन येईल. तो आमच्याच गल्लीत राहतो. बंदराच्या फाटकातून मला आता आत सोडत नाहीत, आणि सोडलं असतं तरी समोर बसून मला नीट बोलता आलं नसतं.

तुझी,
ओदेतमावशी

*

बुधवार, १० मार्च, संध्याकाळ

प्रिय वगीह,

तुझं उत्तर दुपारी मिळालं. चार ओळी, त्यातली एक माझ्या गुडघ्यांची. उरलेल्या तीन पुन्हा पुन्हा वाचल्या. तू लिहितोस, "वहीत चौदा फेब्रुवारीला आठही बोटी पाण्यात उतरवल्याची नोंद आहे. इतकी स्वच्छ कवायतीची वही मी कुठल्याच जहाजावर पाहिलेली नाही. धक्क्यावर अकराशे माणसं आणि कमांडर फिक्री घड्याळ दाखवतोय, मग मी कशासाठी उतरवू, ते तरी सांग."

सांगते. आधी एक विचारू दे. तू ते अक्षर ओळखलं नाहीस, की ओळखून गप्प राहिलास? माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू इंग्रजी मुळाक्षरं गिरवलीस. तुझा तिरका 'एल' अजून माझ्यासारखाच आहे.

ती वही मी लिहिते, वगीह. लिहायची नव्हे, लिहिते.

सुरुवात कशी झाली ते ऐक. पहिली काही वर्षं जहाजावरून कच्चा कागद यायचा, तेलाचे डाग पडलेला, आणि मी तो वहीत उतरवून काढायची. त्या वर्षांत कवायती खऱ्या व्हायच्या. मग कधीकधी कागद यायचाच नाही, आणि फिक्री म्हणायचा, "मदाम ओदेत, मागच्या महिन्यासारखंच लिहा." मी भांडले. दोनदा भांडले, अगदी आवाज चढवून. त्यावर तो हसून म्हणाला, "तुमचं अक्षर म्हणजे मोती. तपासनीस पहिलं पान बघतो आणि पुढचं उलटतच नाही. एवढं कौतुक तुमच्या नन्सनी तरी केलं होतं का?" नव्हतं केलं. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरतं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

पुढे तर आम्ही त्याला नावच दिलं होतं, चहाची कवायत. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी चहा यायचा, वही उघडायची, आणि मी बसल्या जागी आठ बोटी समुद्रात सोडायची. एकदा तीन आणि चार नंबरच्या बोटी दुरुस्तीसाठी गोदीत ताडपत्रीखाली पडल्या होत्या. मी त्यांनाही पाण्यात उतरवलं, "समुद्र शांत, वेळ सहा मिनिटं" असं लिहून. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

निवृत्त झाल्यावर सुटेन असं वाटलं होतं. पण तीन वर्षं झाली, दर महिन्याला ड्रायव्हर वही घेऊन माझ्या दारात येतो, सोबत बस्बूसा मिठाईचा डबा. नव्या मुलीचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे म्हणे. बस्बूसा मी इन्शिराहला देते, पण वही घेते. घरात दुसरं कुणी माझी वाट बघत नाही रे. चौदा फेब्रुवारीची नोंदही मी इथेच, खिडकीपाशी बसून केली. त्या दिवशी यास्मिना समोर नांगरलेली होती. मान वर करून बघितलं असतं तरी दिसलं असतं की सगळ्या बोटी जागच्या जागी आहेत. मी मान वर केली नाही.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. जानेवारीत तुला ही जागा देऊ केली तेव्हा तू मला फोन केलास. "मावशी, तू तिथे आयुष्य काढलंस. जहाज घेऊ का? सुरक्षेचं कसं आहे?" मी म्हणाले, "वही चोख आहे." तू जहाजाबद्दल विचारलंस आणि मी वहीबद्दल उत्तर दिलं. तू माझ्या शब्दावर ते जहाज घेतलंस. कॅप्टन झालेला माझा भाचा मला बघायचा होता, आणि त्याच्यासमोर मला स्वच्छ राहायचं होतं. दोन्ही एकदम हवं होतं मला.

तू जहाज ताब्यात घेतलंस त्या दिवसापासून मला झोप नाही. परवा बेकरीच्या रांगेत गोमाला गाठलं. विचारलं, "उस्ताद, तीन नंबरची बोट शेवटची पाण्यात कधी होती?"

"माझ्या धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा, मदाम."

"आणि आता?"

"आता तिला दोन पोरं आहेत."

मागचा माणूस हसला. मग गोमा हळू आवाजात म्हणाला, "बोट ज्या दोन आकड्यांना टांगलीय, त्यांच्यावर दरवर्षी तपासणीआधी रंगाचा एक हात मारतात. आता ती आकड्याला धरून आहे की रंगाला, ते अल्लालाच माहीत. मी बोललो तर म्हणतात, सारंग, तू रंगाचा डबा सांभाळ." पाव घेऊन तो निघून गेला. मी पाव न घेताच घरी आले.

म्हणून सांगते, उद्या माणसं बसवू नकोस. वहीवर विश्वास ठेवून बसवशील, आणि ती वही माझी आहे. फिक्री ओरडेल. ओरडू दे. तो धक्क्यावर उभा राहणार आहे, तू पाण्यावर.

मला उत्तर नको. फक्त बोटी उतरव.

ओदेत

*

शनिवार, १३ मार्च

वगीह,

गुरुवारी मी सकाळी सहापासून खिडकीत होते. नऊला निघणारं जहाज नऊला निघालं नाही, दहालाही नाही. पहिली बोट खाली जाताना दिसली, मग दुसरी. त्यानंतर तुझ्या जहाजाची उंच भिंत आडवी आली आणि पलीकडचं काही दिसेना. मी माळ ओढत बसले आणि दर मणी कितवा ते विसरत होते.

बाकीचं गोमाने येऊन सांगितलं. तीन नंबरमध्ये सहा खलाशी हुकमाची वाट न बघता चढून बसले होते. तू उतरायला सांगितल्यावर त्यांच्यातला खानसाम्याचा मदतनीस म्हणाला, "कॅप्टन नवा आहे, आम्हाला ओझं समजतो." तू त्या सहाही जणांना खाली उतरवलंस. बोट कठड्याखाली दोन वाव, म्हणजे दहाबारा फूट गेली, मागचा आकडा आपोआप सुटला, ती नाकावर टांगली गेली, आणि मग पुढचाही सुटला. पाण्यावर आपटून बोट फुटली, असं गोमा म्हणाला. तो मदतनीस नंतर बराच वेळ डेकवर बसून होता.

सहा माणसं, वगीह. मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. वहीत मी त्यांच्या नावांपुढे कित्येकदा "हजर" लिहिलं असेल.

कंपनीने तुला जहाजावरून उतरवल्याचं कळलं. काल कमांडर फिक्री स्वतः माझ्याकडे आला. तिसरा मजला चढून आला, यावरूनच काय ते समज. म्हणाला, "मदाम ओदेत, सोमवारी चौकशी आहे. वही आहे, सह्या आहेत, महिन्यापूर्वीच सगळ्या बोटी व्यवस्थित उतरल्यात. नव्या कॅप्टनने घाईत चांगली बोट मोडली, एवढंच. दोन वर्षं परवाना जाईल पोराचा, मग मीच त्याला कुठेतरी लावून देतो. तुमचं नाव वहीत कुठेच नाही. ते आणायचं काय कारण?"

मी विचारलं, "आणि आणलं तर?"

"तर अक्षर तुमचं आहे. सांगणार कुणाला, मी लिहायला लावलं म्हणून? माझ्या हातचा एक कागद दाखवा."

खरं आहे ते. त्याच्या हातचा एकही कागद माझ्याकडे नाही. तो फक्त चहा पाठवायचा.

मी त्याला म्हणाले, "कमांडर, जिना उतरताना कठडा धरा. तो कुणी तपासलेला नाही." तो गेल्यावर मी दाराला दोन्ही कड्या लावल्या. तुला वाटत असेल मावशी कुणाला भीत नाही. मी भिते. अडुसष्टाव्या वर्षी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायला भिते. इन्शिराह जिन्यात उभी राहून काय सांगेल, त्यालाही भिते. सोमवारी चौकशी करणाऱ्या तीन कॅप्टनांसमोर तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही, तर? म्हणून सगळं आधीच लिहून काढलंय. अकरा पानं झाली. कुठल्या महिन्याची कुठली नोंद, आणि त्या दिवशी बोटी खरोखर कुठे होत्या, जेवढं आठवलं तेवढं. त्यांनी अक्षर तपासायला सांगितलं तर तिथेच बसून लिहून दाखवीन. कुणी विश्वास ठेवेल की नाही, सांगता येत नाही. आजवर माझ्या ज्या लिहिण्यावर लोकांनी विश्वास ठेवला, ते सगळं खोटं होतं.

गोमा साक्ष द्यायला तयार आहे, पण त्याला नातवंडं आहेत, त्याला ओढू नकोस. तुलाही एकच सांगणं. तिथे मला वाचवायला जाऊ नकोस. "मावशी वयस्कर आहे, तिला नीट आठवत नाही," असलं काही बोललास तर भर सभेत तुझा कान धरीन.

सोमवारी दहाला तू बाहेरच्या बाकावर असशील. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. मी शेजारी येऊन बसणार नाही. तू सरकून जागा केलीस, तर बसेन.

अकराव्या पानाखाली केली आहे तीच सही इथेही करते. त्या वहीत ती एकदाही नव्हती.

ओदेत हबीब सलामा
पोर्ट तौफिक