बाबांसमोरच्या टोपल्या

प्रिय तुल्लियो,

कालच्या प्रकाराची इतकी शिसारी आलीय, की चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोलेंता तसाच सोडून लिहायला बसलेय. पार्माच्या त्या डॉक्टरने तुझ्या बाबांना विद्यार्थ्यांपुढे बसवलं आणि चित्रं दाखवली. करवत, कात्री, घंटा, सगळं फटाफट ओळखलं. करवतीला धार कशी लावायची तेही सांगितलं. मग कोंबडी दाखवली. बाबा म्हणाले, "असेल कसलंतरी जनावर." आणि अळंबी दिसल्यावर विचारतात, "हे चावतं का हो?" जन्मभर अळंब्या ओळखणारा माणूस! पोरं फिदीफिदी हसली. डॉक्टर खूश. म्हणे डोक्यात चढलेल्या तापाने सजीवांची माहिती तेवढी पुसली, अवजारांची शाबूत ठेवली. असा पेशंट नशिबाने मिळतो. कुणाच्या रे नशिबाने? थुंकावंसं वाटलं मला.

पण त्याहून किळस आपल्या गावाची येते. रविवारी चर्चमधून सगळे अजूनही टोपल्या घेऊन आपल्याच दारात. तुझ्या बाबांनी बघितल्याशिवाय अळंबी तव्यावर टाकायची नाही, ही रीत ना! फाउस्तोकाकांना सगळं माहीत आहे, तरी मलाच सांगतात, "वहिनी, दादाचा मान राहू दे की." कसला डोंबलाचा मान? बाबा टोपलीची वीण वाखाणतात, सुरीच्या पात्यावर अंगठा फिरवतात आणि ऐटीत म्हणतात, "छान आहेत, न्या." आणि हे शहाणे नेतात! मी धुऊन देते म्हणत टोपल्या आत ओढते आणि वाईट दिसेल ते फेकते. मला तरी सगळं कुठे कळतं? परवा जिल्दाच्या टोपलीत ती पांढरी, जीवघेणी निघाली. तिच्या घरात रांगणारं मूल आहे. हात धुतले, परत धुतले, तरी जेवण गेलं नाही.

बाबांना तोंडावर सांगायला मी तीनदा बसले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तशीच उठून चुलीकडे गेले. अळंब्या त्यांनी तुला शिकवल्यात, म्हणून हे पत्र. या रविवारी ये आणि चारचौघांत त्यांच्या हातातली टोपली काढून घे. ते चिडतील, कार्ट्या म्हणतील, कदाचित तुझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. अळंबी कोणती ते त्यांना कळत नाही रे, पण दारावरून प्रेतयात्रा गेली तर ती कुणामुळे, हे त्यांना बरोबर कळेल.

तुझीच वाट बघणारी,
आई