पुतळ्याच्या खांद्यावरची पिवळी साडी

मंगळवार, संध्याकाळ. पांढरकवडा.

तो गुलाबी खांदा डोळ्यापुढून जातच नाही.

शेठजींनी दुकानाच्या नव्या बोर्डासाठी फोटोत साडी नेसून उभी राहाले एक पोरगी नागपूरहून बोलावली. गोरीपान. सहा वर्षं झाली, गिऱ्हाईकाले दाखवताना पदर माझ्या खांद्यावर पडते, माझ्या अंगावर पाहून साड्या खपतात. अन् बोर्डावर ती? आज विचारलंच मी. शेठजी म्हणे, "सुनीता, तू कामाची आहे. पण बोर्ड लोक दुरून पाह्यतात. चेहरा उजळ पाह्यजे न."

दुकानातले पुतळेही सगळे गुलाबी. इतकी गुलाबी बाई मी तरी या गावात पाह्यली नाही.

रागातच होती मी. तेवढ्यात मुकुटबनची एक पोरगी आली, तिच्या साखरपुड्याची साडी घ्यायले. माझ्यासारखीच काळी. तिनं पिवळी साडी उचलली, अन् माझ्या तोंडून निघालंच, "पिवळा तुले खुलणार नाही. ती डाळिंबी पाह्य."

काहून म्हटलं मी असं? शेठजींनी तर सांगितलं नव्हतं.

तिनं साडी सोडली नाही. म्हणाली, "ताई, तुमी अंगावर टाकून दाखवा न. आपला रंग सारखाच आहे."

सारखाच आहे. तेच तर झोंबलं मले. मी साडी उलगडली अन् पदर पुतळ्याच्या गुलाबी खांद्यावर टाकला.

तिनं एकदा पुतळ्याकडे पाह्यलं, एकदा माझ्याकडे.

"डाळिंबीच बांधून द्या," म्हणाली.